बिनपगारी बदली

आरामात फिरायचं असेल तर आधी ते वकिलातीला कागदोपत्री पटवून द्यावं लागतं. शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर कुठल्या रात्री कुठल्या गावात, कुणाच्या छपराखाली झोपणार याचे पुरावे जोडायचे असतात. शिवाय बँकेचं स्टेटमेंट, जायची-यायची तिकिटं आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. 'जिथे बरं वाटेल तिथे चार दिवस जास्त राहू' असा रकाना त्या अर्जात नाही. नियम असा, की कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हे एकच वाक्य आमच्या घरात दोघांनी दोन तऱ्हांनी वाचलं. मी म्हटलं, "वा, तीन महिने निवांत." नवरा म्हणाला, "अगं, दोन दिवसाला एक गाव धरलं तरी पंचेचाळीस गावं होतात."

यात त्याचा दोष नाही. डोंबिवली ते व्हीटी फास्ट लोकलने जाण्यायेण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला संध्याकाळी ठाणं सुटलं की दाराशी जाऊन उभं राहावंच लागतं. नाहीतर डोंबिवलीला उतरायला मिळत नाही. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देतात, ती घाई मात्र परत घेत नाहीत. अजूनही रस्त्याने जाताना तो माझ्या चार पावलं पुढे असतो आणि मागे न बघता माझ्याशी बोलत असतो. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला. पोर्तुगाल, स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, ग्रीस आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत 'वेळ उरल्यास माल्टा'.

सोसायटीत बातमी पसरली. "स्वित्झर्लंड नाही?" असं सगळ्यांनी विचारलं. युरोपला जाऊन स्वित्झर्लंड न करणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता परत येणं, हे आपल्याकडे ठरून गेलेलं आहे. मुलीचा प्रश्न जास्त मुद्द्याचा होता. "आई, एवढे दिवस तुम्ही दोघं तिकडे करणार काय?"

"घरी करतो तेच."

"घरी तुम्ही वेगवेगळ्या खोल्यांत असता."

सहलकंपन्यांबरोबर आम्हीही गेलेलो आहोत. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. बरोबर महाराज, त्यामुळे पॅरिसमध्येही रात्री वरणभात. त्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. बाईला खरी सुट्टी तीच, कारण स्वयंपाक दुसरा कुणीतरी करतो. दोन-अडीच महिने परदेशात राहायचं म्हटलं की ती सोय संपते. रोज हॉटेलात जेवणं ना खिशाला परवडत ना पोटाला. मग घर भाड्याने घ्यायचं, दूध-भाजी आणायची, कपडे धुवायचे. मी बँकेत होते; प्रमोशन घेतलं की बदली ठरलेली. त्यामुळे हा प्रकार काय आहे ते मी लगेच ओळखलं. ही सुट्टी नव्हे, ही बदली, फक्त बिनपगारी. बदलीच्या गावी पहिल्या दिवशी कुणी देऊळ आणि किल्ला बघायला जात नाही. दूध कुठे मिळतं, गिरणी कुठे आहे, कचऱ्याची गाडी कधी येते आणि शेजारीण बोलकी आहे का, एवढं आधी बघायचं. किल्ला कुठे पळून जात नाही.

आमची पहिली पोस्टिंग लिस्बनला, आल्फामा नावाच्या टेकडीवर. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि जिना उतरून रस्त्यावर आलं तर रस्ताही जिनाच. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला मोठा भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र आत शिरला आणि मग आग लागली. खालचं सपाटीचं शहर गेलं. मार्किस द पोंबाल यांच्या हुकमतीखाली ते पट्टीने आखून, सरळ काटकोनी रस्त्यांचं पुन्हा बांधलं गेलं. टेकडीवरचं आल्फामा मात्र बरंचसं वाचलं, आणि म्हणून त्याच्या गल्ल्या अजून मनाला येईल तिथे वळतात. नवऱ्याला साहजिकच पोंबालचं शहर आवडलं. तिथे कुठला रस्ता कुठे निघतो ते आधी कळतं. आल्फामात तो रोज नव्याने हरवायचा, आणि हरवल्यावरही चार पावलं पुढेच असायचा.

फरसबंदी चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांची. वर्षानुवर्षांच्या पायांनी ती इतकी गुळगुळीत झाली आहे की मार्चच्या पावसात उतारावरून चालणं हे चालणं राहत नाही. तिथल्या म्हाताऱ्या बायका भिंतीला एक हात लावून, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन उतरतात. मी दुसऱ्याच दिवशी ती पद्धत उचलली. नवऱ्याने चौथ्या दिवशी.

लिस्बनमध्ये माझा जीव रमला तो कोथिंबिरीमुळे. युरोपात कोथिंबीर मागितली की बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या डबीत चार काड्या मिळतात. पोर्तुगीज स्वयंपाकात ती हक्काने पडते, त्यामुळे भाजीवाल्याकडे घसघशीत जुड्या रचलेल्या असतात, मुळांची माती न पुसलेल्या. मी मासे-मटण खात नाही, अंडं खाते. तेवढ्यावर मला आलेंतेझू प्रांतातलं 'असोर्दा' सापडलं. लसूण, मीठ आणि मूठभर कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची, त्यात ऑलिव्हचं तेल, वर उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर पाण्यात शिजवलेलं अंडं. गरिबाघरचं जेवण आहे. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या बाईला त्याची कृती समजावून सांगावी लागत नाही. तूरडाळ मार्तिम मोनिज चौकाच्या आसपासच्या नेपाळी-बांगलादेशी दुकानांत मिळाली. डाळ आणि कोथिंबीर मिळाली की मी त्या गावाचा चार्ज घेतला असं समजते.

बघण्यासारखं आम्ही बघितलं नाही असं नाही. बेलें भागातल्या जेरोनिमस मठात वास्को द गामाची कबर आहे. त्याच्याबद्दल आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाच्या मनात माया असायचं कारण नाही, पण प्रवासी म्हणून त्याचं मरणोत्तर वेळापत्रक मला आवडलं. १५२४ साली कोचीत वारला, तिथेच पुरला. १५३९मध्ये अस्थी पोर्तुगालमधल्या विदिगेरा गावी आल्या. तिथून जेमतेम एका प्रांताएवढ्या अंतरावरच्या या मठात यायला १८८० साल उजाडलं. पुढे सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये कोलंबसाची शवपेटी चार पुतळ्यांच्या खांद्यांवर बघितली, तेव्हा नवऱ्याने दोघांची तुलना करून टाकली. कोलंबस १५०६ला बायादोलिदमध्ये गेला. मग सेव्हिल, मग अटलांटिक ओलांडून सांतो दोमिंगो, १७९५ला हवाना, आणि १८९८ला क्युबा स्पेनच्या हातून निसटल्यावर पुन्हा सेव्हिल. खरी हाडं आमच्याकडेच राहिली असं डोमिनिकन रिपब्लिकचं म्हणणं आहेच. "याच्या बदल्या जास्त झाल्या," नवरा म्हणाला. त्याच्या तोंडून 'बदली' हा शब्द आला, म्हणजे माझं म्हणणं हळूहळू त्याच्या गळी उतरत होतं.

एक गोष्ट सांगायची तर चव थोडी बिघडेल, पण सांगते. आम्ही राहिलो तसलं प्रत्येक घर पूर्वी कुणाचं तरी राहतं घर होतं. पर्यटकाला आठवड्याने देणं जास्त फायद्याचं, म्हणून लिस्बनच्या जुन्या वस्त्यांतून भाडेकरू बाहेर पडत गेले. २८ नंबरची ट्राम ही टेकडीवरच्या लोकांची रोजची गाडी. आता २८मध्ये फोटो काढणारे आधी चढतात आणि भाजीची पिशवी घेतलेली आजी थांब्यावर राहते. स्पेनमध्ये २०२४ साली याच कारणाने शहराशहरांत मोर्चे निघाले, आणि बार्सिलोनाने २०२८पर्यंत पर्यटकांची भाड्याची घरं बंद करायचं जाहीर केलं. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. गिरगावातून डोंबिवलीला गेलेल्या घराण्यात मी सून म्हणून आले, त्यामुळे शहराच्या मध्यातून बाहेर जाणं म्हणजे काय ते सासूबाईंकडून रोज ऐकलेलं आहे. आम्ही ती ट्राम सोडली आणि चालत गेलो. त्याने कुणाचं भाडं उतरलं नाही, एवढंही मला कळतं.

लिस्बनहून सेव्हिलला थेट रेल्वे नाही. दोन शेजारी देश, दोन मोठी शहरं आणि मध्ये बस! लोकलच्या माणसाला हा अपमान वाटला. बस अल्गार्व्हमार्गे ग्वादियाना नदीच्या पुलावर आली, पलीकडे स्पेन लागला, पासपोर्ट कुणी विचारला नाही, फक्त मोबाइलमधलं घड्याळ एक तास पुढे पळालं. हा तास कुठे गेला, याची चौकशी नवऱ्याने त्या रात्री केली. उत्तर मजेशीर आहे. सेव्हिल ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे, म्हणजे त्याचं घड्याळ न्यायाने लंडन-लिस्बनबरोबर चालायला हवं. पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत ते तासभर पुढे नेलं, ते नंतर कुणी मागे आणलंच नाही. त्यात उन्हाळ्याचा आणखी एक तास मिळवा. एप्रिलमध्ये तिथे सूर्य मावळतो नवाच्या सुमाराला. स्पॅनिश लोक रात्री दहाला जेवतात म्हणून आपण नवल करतो. सूर्याला विचारलं तर ते काही फार उशिरा जेवत नाहीत.

आठला जेवून साडेदहाला झोपणाऱ्या माणसाची त्यामुळे फार पंचाईत झाली. आठ वाजता खानावळीचा पोऱ्या खुर्च्या पुसत असतो. दुपारी दोननंतर दुकानांची शटरं खाली येतात ती पाच-साडेपाचपर्यंत उठत नाहीत. पुण्याच्या एक ते चारची थट्टा करणाऱ्यांना मी एकदा सेव्हिल दाखवून आणीन. पुणेकर त्यांना कष्टाळू वाटायला लागतील. पहिल्या आठवड्यात नवरा त्या बंद शटरांसमोरून, रणरणत्या उन्हात, यादी हातात धरून फिरला. दुसऱ्या आठवड्यात तो जेवून आडवा झाला आणि पावणेसहाला उठून म्हणाला, "चहा टाक, आता गाव उघडेल." तक्त्यातला दक्षिण फ्रान्स त्याच सुमाराला गेला. चर्चा झाली नाही. एके दिवशी मी बघितलं तर ती ओळच नव्हती.

शाकाहाऱ्याला स्पेन अवघड म्हणतात ते खरं आहे. मांस नको म्हटलं तर ट्यूना घालतात, ट्यूना नको म्हटलं तर डुकराच्या मांडीचे बारीक तुकडे. हॅम तिथे मांसात धरत नसावेत. पण सेव्हिलच्या लहानशा टपरीवजा बारमध्ये पालक आणि हरभऱ्याची एक भाजी मिळते. लसूण, जिरं, तळून कुटलेल्या पावाचा घट्टपणा. जिऱ्याचा वास आला तेव्हा मी वाटी जवळ ओढली आणि त्या दिवशी दुसरं काही मागवलं नाही. ग्रॅनडाला गेल्यावर वांग्याचे तळलेले काप आले, वर काळसर पातळ मध. चाटून बघितलं तर काकवी! ऊस तिकडे अरबांनी आणला आणि मलागाच्या किनाऱ्यावर तो शतकानुशतकं पिकला, त्याची ही काकवी. वांग्याच्या कापांवर काकवी घालायचं धाडस आपल्याकडे कोल्हापुरातही कुणी केलेलं नाही, आणि आपण ते करून बघायला हवं.

सेव्हिलचा गिराल्दा मनोरा मी मात्र प्रत्येक सांधेदुखीवाल्याला सुचवते. बाराव्या शतकातल्या मशिदीचा हा मिनार. आता कॅथेड्रलची घंटा वाजवतो. वर जायला पायऱ्या नाहीत, चढणी आहेत. एकामागून एक पस्तीस चढणी, अगदी टोकाशी तेवढ्या थोड्या पायऱ्या. बांग द्यायला जाणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून तशी रचना केली, असं सांगतात. घोड्याची जी सोय केली ती आठशे वर्षांनी माझ्या गुडघ्यांच्या कामी आली.

कोर्दोबाची मशीद रविवार सोडून सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट बघता येते. हा तपशील ज्याने शोधून काढला त्या माझ्या नवऱ्याचं मी तिथेच कौतुक केलं. ७८५च्या आसपास बांधायला घेतलेली, दोनशे वर्षं वाढत गेलेली इमारत. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी आणि खाली खांब, कुठे बघावं तिकडे खांब. ८५६ शिल्लक आहेत. आणि मध्येच, सोळाव्या शतकात, ते जंगल तोडून उभं केलेलं कॅथेड्रल. फुकटचा तास संपल्यावर रखवालदार हळूहळू सगळ्यांना दाराकडे सरकवतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा साडेआठला हजर. एकाच ठिकाणी दोनदा जायचं, ही गोष्ट तक्त्यात बसत नव्हती. तिसऱ्यांदाही गेलो.

मे महिन्यात तिथे अंगणांचा उत्सव असतो. जुन्या घरांच्या मधली चौकोनी अंगणं लोक बघायला उघडी ठेवतात. युनेस्कोने २०१२ साली त्या उत्सवाला आपल्या यादीत घेतलं. पांढऱ्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत कुंड्या टांगलेल्या, जिरेनियम ओसंडून वाहणारी. मला प्रश्न पडला तो माझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालताना रोज पडणारा. वरच्या कुंडीपर्यंत हात पोहोचतो कसा? एका अंगणात सत्तरीच्या बाईंनी दाखवलं. लांब वेळूच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला. खालच्या हौदात डबा बुडवायचा, वेळू उभा करायचा, कुंडीच्या काठावर टेकवून किंचित कलवायचा. एक थेंब खाली पडत नव्हता. मी करून बघितलं तर निम्मं पाणी माझ्या डोक्यावर आणि निम्मं नवऱ्याच्या कॅमेऱ्यावर. बाई पोट धरून हसल्या. ग्रॅनडातल्या अल्हाम्ब्राबद्दल जगाने इतकं लिहिलं आहे की मी गप्प बसते. आत शिरायची वेळ तिकिटावर मिनिटासकट छापलेली असते, आणि नवरा तिथे फार आनंदात होता, एवढंच.

पुढे विमानाने नेपल्स. ते शहर आमच्या आवाक्याबाहेरचं निघालं. स्कूटर, आरोळ्या, दोन खिडक्यांमधल्या दोऱ्यांवर अख्ख्या गल्लीचे कपडे. डोंबिवलीकरांना घरच्यासारखं वाटायला हवं होतं, पण आपला गोंधळ आणि दुसऱ्याचा गोंधळ यांत फरक असतो. एक रीत तिथे फार सुरेख आहे. कॉफी प्यायची एक आणि पैसे द्यायचे दोन कॉफ्यांचे. दुसरी मागाहून येणाऱ्या अनोळखी गरजूसाठी. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा. देवळाला पंखा देऊन त्याच्या पात्यावर नाव घालणाऱ्या आमच्यासारख्यांनी ते आवर्जून बघावं.

नेपल्सहून सिसिलीला विमानं आहेत. आम्ही रेल्वेने गेलो, आणि हे सविस्तर सांगायलाच हवं, कारण त्या प्रवासात माझ्या नवऱ्याच्या आयुष्याचं सार्थक झालं. सिसिली बेट आहे. मेसिनाची सामुद्रधुनी अरुंद असली तरी मध्ये समुद्र आहे आणि त्यावर पूल नाही. पुलाच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या चालल्या आहेत. तोवर गाडीच बोटीत चढवतात. विला सान जोव्हानी स्टेशनात आमची इंटरसिटी थांबली, दिवे आणि एसी बंद झाले, कुठेतरी खण्णकन काही सुटलं. इंजिन वेगळं झालं. मग शंटिंगच्या इंजिनाने गाडीचे तुकडे केले आणि एकेक तुकडा मागे-पुढे करत बोटीच्या पोटातल्या रुळांवर शेजारी शेजारी ढकलला. खिडकीबाहेर फलाट होता, तिथे आता लोखंडी भिंत आली. खाली माणसं डब्यांना साखळ्यांनी जखडत होती. नवरा सामान, बायको, पासपोर्ट सगळं सोडून दारात जाऊन उभा होता. पण या खेपेला उतरण्यासाठी नव्हे. एका साखळीवाल्याने त्याला खूण करून जवळ बोलावलं, रूळ कसे जुळवतात ते दाखवलं. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघं तावातावाने बोलत होते.

मग लोखंडी जिन्याने वर डेकवर. तळलेले भाताचे गोळे आणि कॉफी विकत होते. समुद्र ओलांडायला लागतात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. गाडी तोडणं, ढकलणं आणि पलीकडे पुन्हा जोडणं यात त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. आमच्या डब्यातली एक बाई घड्याळ बघून वैतागली होती. नवरा तिला म्हणाला, "व्हाय हरी?" मी ते ऐकलं. हवं तर शपथेवर सांगते.

शेवटची पोस्टिंग सिराकूझाच्या ओर्तीजा बेटावर. आर्किमिडीजचं गाव. तिथे आमच्या घराच्या फ्रिजवर नगरपालिकेचा कचऱ्याचा तक्ता लावलेला होता. अमुक वारी ओला, अमुक वारी कागद, मग प्लॅस्टिक, मग काच, आणि प्रत्येकाची बाहेर ठेवायची वेळ. किती दिवसांनी नवऱ्याला वेळापत्रक मिळालं! दोन दिवसांत पाठ केलं. रात्री दाराशी योग्य रंगाची पिशवी घेऊन तो उभा राहायचा, आणि आठवड्याभरात वरच्या मजल्यावरची म्हातारी आज काय आहे ते त्याला खुणेने विचारायला लागली. खिडकीबाहेर कप्पीवरची दोरी होती. ज्या माणसाने डोंबिवलीत वाळत घातलेले कपडे फक्त पाऊस आल्यावर आणि तेही मी ओरडल्यावर काढले, तो तिथे शर्ट वाळत घालत होता. समोरच्या खिडकीतल्या बाईंना त्याची पद्धत पसंत नव्हती. त्यांनी हातवारे करून दाखवलं: शर्ट खांद्याला चिमटा लावून नाही, खालच्या काठाला लावून उलटा टांगायचा, म्हणजे खांद्यावर खुणा पडत नाहीत. त्याने मुकाट्याने सगळे काढून पुन्हा घातले. हेच मी त्याला कितीदा सांगितलं होतं, ते विचारू नका.

सकाळी बाजार. हंगाम सरत आला होता तरी एका गाडीवर मोठी, खडबडीत, पिवळी फळं दिसली. म्हाळुंग! करवीरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. आपल्याकडे आता शोधूनही मिळत नाही आणि तिथला गाडीवाला जाड पांढऱ्या गरासकट त्याच्या चकत्या करून, मीठ भुरभुरून हातावर देत होता. न्याहारीला लोक बदामाचा नाहीतर तुतीचा बर्फ गोड पावाबरोबर खातात. सकाळी आठला बर्फ! आईने हात धरला असता. नवरा पाव बुडवून खायला शिकला.

संध्याकाळी अख्खं गाव कपडे करून बाहेर पडतं आणि एकाच रस्त्यावरून वर-खाली चालतं. कुठे जायचं नसतं. ऐंशीची जोडपी हातात हात घालून, दर दहा पावलांवर कुणाशी तरी बोलायला थांबत. त्या गर्दीत चार पावलं पुढे जाणं शक्यच नसतं. चारेक दिवसांनी नवऱ्याने माझ्या कोपराला धरलं. मी बघितलं तर म्हणाला, "गर्दी आहे."

गावातल्या चौकात तिथलं कॅथेड्रल आहे. बाजूच्या भिंतीत जाडजूड डोरिक खांब अर्धे चिणलेले दिसतात. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातलं अथेना देवीचं देऊळ ते. पुढे खांबांमधल्या जागा बुजवून त्याचं चर्च केलं, अरबांच्या काळात मशीद, मग पुन्हा चर्च. खांब जिथल्या तिथे. कोरिंथच्या ग्रीकांनी वसवलेलं गाव. नवऱ्याने खांबावर हात ठेवला, माहितीचा फलक पूर्ण वाचला आणि म्हणाला, "ग्रीक देऊळ बघितलं. ग्रीस झालं." रात्री त्याने तक्ता उघडला आणि ती ओळ काढली. माल्टा सिराकूझाहून फार लांब नाही. तोही काढला.

परत आल्यावर सोसायटीत पहिला प्रश्न, किती देश झाले? तीन म्हटल्यावर लोकांची तोंडं उतरतात. दुसरा प्रश्न खर्चाचा. महिन्याच्या हिशेबाने घर घेतलं की रात्रीचा दर बराच खाली येतो आणि एक वेळ घरी जेवलं तर बाहेरच्या जेवणाचा पश्चात्ताप होत नाही. बाकी आकडे ज्याने त्याने आपल्या ऐपतीने मांडावेत. मी सांगते ते एवढंच. मार्चच्या मध्यावर निघा, कारण जुलै-ऑगस्टात सेव्हिल-कोर्दोबाचा पारा चाळिशी ओलांडतो. कुकर न्यायचा तर बुडाला चुंबक चिकटेल असा स्टीलचा न्या. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापत नाही. कोथिंबीर पोर्तुगालमध्येच मनसोक्त खाऊन घ्या, पुढे मिळायची मारामार. आणि लिस्बन आधी करा, गिराल्दा मागाहून. लिस्बनच्या टेकड्यांना गुडघे ताजे लागतात.